उजवीकडे उघडणारा व्हॉल्व

माझा हात लहानपणापासून जड. शाळेत एका मास्तरांची छडी मी त्यांच्याच हातातून ओढून गुडघ्यावर मोडली होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तीन थाळ्या भिंतीवर आपटून चेपवल्या. बायकोने त्या टाकल्या नाहीत. आजही ती मला त्यांतल्याच एका थाळीत वाढते, आणि आमटी एका बाजूला वाहत गेली की म्हणते, तुझीच करणी, तूच जेव. हे सगळं हसत सांगण्यासारखं आहे आणि मी ते हसतच सांगत आलो. एक मारहाण मात्र मी हसत सांगत नाही. हसत काय, आजवर कशीच सांगितलेली नाही.

मी पाणी सोडणारा माणूस. पालिकेच्या कागदावर व्हॉल्वमन. निर्मळजवळ केळी आणि मोगऱ्याच्या वाड्यांमध्ये आमचं गाव आहे, तिथे ग्रामपंचायत होती तेव्हापासून मी हे काम करतो. रस्त्याच्या कडेला जमिनीत चौकोनी खड्डा असतो, त्याला चेंबर म्हणतात. वर लोखंडी झाकण, आत पाण्याच्या लाइनवर बसवलेला व्हॉल्व. झाकण उचलायचं, छातीएवढी उंच चावी खाली उतरवून व्हॉल्वच्या डोक्यावर बसवायची आणि तिचा आडवा दांडा धरून गोल फिरायचं. डावीकडे फिरलं की उघडतो, उजवीकडे फिरलं की बंद होतो, घरातल्या नळासारखाच. वीस-बावीस फेरे घातले की एका गावाचं पाणी बंद होऊन दुसऱ्या वस्तीचं सुरू होतं. ग्रामपंचायत गेली, पालिका आली, खुर्च्यांवरची माणसं बदलली, पण माझी नोकरी कायम कधीच झाली नाही. दर वर्षी नवा करार आणि दर वर्षी तोच घोर.

आमच्या गावात एक व्हॉल्व मात्र उलटा होता. भेंडीच्या झाडाखाली, केळीच्या वाडीच्या कुंपणाला लागून. पंचायतीने कुठल्या कारखान्यातून तो आणला देव जाणे, पण तो डावीकडे बंद व्हायचा आणि उजवीकडे उघडायचा. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या पाणीवाल्याने मला माझा हात धरून तो फिरवून दाखवला आणि म्हणाला, हे कोनाला सांगू नको. मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे कळलं, आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. जमिनीखालच्या लाइनींचा नकाशा ऑफिसात नव्हता, तो आमच्या डोक्यांत होता. साहेब बदलून यायचा आणि पहिल्या आठवड्यात त्याला कळायचं, की ह्या माणसाला काढला तर चेंबर कुठे आहे हे शोधायलाच महिना जाईल. ज्याला जास्त व्हॉल्व ठाऊक, त्याचा करार आधी सही व्हायचा. म्हणून आपल्या हद्दीतलं कोणी कोणाला शिकवत नसे. काही जण तर झाकणांवर माती लोटून वर गवत वाढू द्यायचे.

मग टाळेबंदी आली, आणि ती उठल्यावर खरे हाल सुरू झाले. नालासोपाऱ्यातल्या चाळींत निम्मे पुरुष घरी बसले होते. गाळे बंद, दुकानं बंद, घरपट्टी भरायला कोणाकडे काही नाही. पालिकेची तिजोरी आटली तसा काटकसरीचा हुकूम निघाला. आधी एकाआड एक रस्त्यावरचे दिवे बंद झाले. मग डासांची धुरफवारणी थांबली, बागेतले माळी गेले, वाचनालयात येणारी वर्तमानपत्रं बंद झाली. इंजिनिअर साहेबांच्या गाडीचं पेट्रोल कापलं, त्यामुळे साहेब खुर्चीवरून उठेनासे झाले. शेवटी आमच्यावर आले. आमच्या भागात आम्ही चार जण पाणी सोडायचो. चारांतले दोन कमी.

त्या दोघांपैकी एक माझ्याबरोबर बारा वर्षं काम केलेला. कमी केलेल्यांची यादी लावली त्या सकाळी तो चावी खांद्यावर घेऊनच ऑफिसात शिरला. आरडाओरडा केला नाही. यादीचा कागद फाडून तोंडात घातला आणि चावला, आणि कारकून हसला. बिचारा घाबरून हसला असेल. पुढच्या क्षणाला चावी टेबलावर आली, टेबलावरची काच फुटली, आणि दुसऱ्या वेळी ती कारकुनाच्या खांद्यावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. सुकी फांदी मोडावी तसा. कारकून खाली बसला आणि त्याच्या तोंडातून फक्त हवा येत राहिली. माझा तो सोबती मग स्वतःचंच कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटू लागला. एकदा, दोनदा, रक्त डोळ्यांत उतरेपर्यंत. आम्ही तिघांनी मिळून त्याला धरला, तर त्याने माझ्या मनगटाला चावा घेतला. ती खूण अजून आहे.

त्याला पोलीस घेऊन गेले. कारकून महिनाभर गळ्यात हात बांधून येत होता. आणि मी, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात दया नव्हती. मनात एवढंच होतं की मी राहिलो.

पण साहेबांनी आम्हा राहिलेल्या दोघांना बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली. महिनाअखेरीस पुन्हा यादी येणार होती. तुमच्या भागाला एकच माणूस पुरेल असं वरून आलंय, ते म्हणाले. मी काही करू शकत नाही, असं म्हणून त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

दुसरा राहिलेला माणूस माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. घाटावरून आलेला, दोन मुलींचा बाप, नालासोपाऱ्याच्या ज्या वस्तीला आमच्या लाइनीतून पाणी जायचं त्याच वस्तीत भाड्याने राहणारा. मला दादा म्हणायचा. कामाला एक नंबर. चावी धरायची त्याची पद्धत माझ्याहून चांगली होती, हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नसतं. मी फिरताना पाठीवर जोर घ्यायचो, तो नुसत्या मनगटावर आणि पायांवर फिरवायचा, दमत नसे. एकाला ठेवायचं म्हटलं तर शहाण्या माणसाने त्यालाच ठेवला असता.

चौघांचं काम दोघांवर पडल्यावर हद्दी मोडल्या. ठरलं असं: पहाटे मी आमच्या गावाचा व्हॉल्व उघडायचा. दुपारी त्याने तो बंद करायचा आणि वस्तीचा उघडायचा. गाव सखल, वस्ती भरावाच्या जमिनीवर उंच. गावाचा व्हॉल्व बंद झाल्याशिवाय वस्तीला थेंब चढत नाही. पूर्वी हा उलटा व्हॉल्व सकाळ-दुपार मीच फिरवायचो. आता पहिल्यांदाच तो दुसऱ्याच्या हाताखाली जाणार होता.

मी त्याला चेंबर दाखवलं. झाकण दाखवलं. व्हॉल्व उलटा आहे हे सांगितलं नाही.

ते ठरवून केलं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पहिल्या दिवशी तोंडापर्यंत आलं होतं. तो झाकण पुन्हा बसवत होता, मी विडी पेटवत होतो, आणि वाटलं की उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो तर व्हॉल्व रात्रभर उघडाच होता. केळीच्या वाडीत नळ वाहून चिखल झाला होता. काय झालं ते मला लगेच कळलं. पूर्ण उघड्या व्हॉल्वला त्याने बंद करायला म्हणून उजवीकडे पिळलं, आणि उजवीकडे तर तो आधीच शेवटपर्यंत उघडलेला. चावी जागच्या जागी अडली. कोणीही म्हणेल, झाला घट्ट, बंद आहे.

त्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला तो मला म्हणाला, "दादा, तुमच्या गावातला व्हॉल्व जाम आहे काय? अर्धा फेरापण जात नाय. आधीच बंद असतो वाटतं."

मी म्हणालो, "बंद असला की घट्टच लागणार. तुला काय वाटलं, लोण्याचा आहे?"

तो हसला. "नाय, म्हटलं विचारून घेतो."

त्याने विचारलं होतं. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे कुठल्याच कागदावर ते आलं नाही. त्याने सरळ विचारलं आणि मी सरळ खोटं बोललो. मनात हिशेब साधा होता. वस्तीतून तक्रारी जातील, साहेबांना दिसेल की ह्या माणसाच्या पाळीत पाणी पोचत नाही, आणि यादी येईल तेव्हा नाव त्याचं लागेल. कोणी मरणार नव्हतं. दोन-तीन दिवस लोक टँकर मागवतील, शिव्या घालतील. शिव्या आम्हाला रोजच्याच.

पण टँकरही काटकसरीत निम्मे झाले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आमच्या गावातून तक्रार येणं शक्यच नव्हतं. पाणी जास्त आलं म्हणून कोण तक्रार करतो? दिवसभर नळ चालू. लोकांनी पिंपं भरली, अंगणं धुतली, मोटरसायकली धुतल्या. शेजारची म्हातारी मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "यवडं पानी तर पंचायतीच्या वक्ताला पन नव्हतं रे. देव तुजं भलं करो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्यावर खेकसलो, तोंड सांभाळून बोल म्हणालो. ती बिचारी बघतच राहिली. घरी गेल्यावर बायकोने तेच विचारलं, म्हाताऱ्या मावशीवर का ओरडलास. मी पाण्याने भरलेली कळशी लाथेने उडवली. ती दारात जाऊन पडली आणि पाणी रस्त्यापर्यंत गेलं. बायकोने कळशी उचलली आणि नळाखाली पुन्हा भरायला लावली, कारण नळ चालूच होता.

वस्तीत तिसऱ्या दिवशी पहिली मारामारी झाली. एकच टँकर आला आणि दोन इमारतींच्या बायका पाइपावर तुटून पडल्या. एकीचे केस दुसरीच्या मुठीत मुळासकट आले. हंडा डोक्यात बसून एका बाईला सात टाके पडले, आणि टाके घालायचा दोराही दवाखान्यात नव्हता, नवऱ्याने धावत जाऊन बाहेरून आणला. चौथ्या दिवशी टँकरच्या ड्रायव्हरला खाली ओढून त्याच्या पोटात लाथा घातल्या. पाचव्या दिवशी टँकर आलाच नाही. हे सगळं तोच मला सांगायचा, रोज दुपारी, बदलीच्या वेळी. त्याच्या घरीही पाणी नव्हतं. तो आमच्या गावाबाहेरच्या विहिरीवरून दोन कॅन भरून सायकलला लावून न्यायचा. एकदा म्हणाला, "दादा, लोक बोलतात मी पाणी टँकरवाल्याला विकतो. शेजारचेच बोलतात. काल पोरीला खाली खेळताना कोणीतरी थुंकलं अंगावर."

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा तरी सांगायचं होतं! पण सांगितलं असतं तर आधी का नाही सांगितलंस, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर माझी नोकरी घालवणारं होतं. मी त्याला म्हणालो, लोकांचं तोंड असतं, जाऊ दे. आणि वर सल्ला दिला, दोन दिवस सुट्टी टाक. तो म्हणाला, सुट्टी टाकली तर यादीत नाव लागेल.

सातव्या दिवशी साहेबांनी फोन केला. दोघेही वस्तीत जा, लोकांना समजवा, चेंबर तपासा. ते स्वतः येणार नव्हते.

दुपारचे चार वाजले असतील. वस्तीच्या तोंडाशी पिंपळाजवळ चेंबर आहे. आम्ही झाकण उचललं तेव्हा दहा-बारा माणसं होती. व्हॉल्व पूर्ण उघडा असल्याचं दाखवेपर्यंत शंभर झाली. बायका रिकामे हंडे घेऊन आल्या होत्या, आणि पुरुष रिकाम्या हातांनी. रिकाम्या हातांच्या माणसांचीच मला भीती वाटली. महिनोन्महिने काम नाही, सहा दिवस अंगाला पाणी नाही, आणि समोर दोन माणसं ज्यांच्या खांद्यावर पालिकेची चावी.

"पानी किसने बेचा?" मागून कोणीतरी ओरडलं.

"व्हॉल्व उघडा आहे, बघा," तो म्हणाला. "वरूनच येत नाय. मी स्वतः इथेच राहतो ना, माझ्या घरी पण..."

"तेरे घर तो रोज कॅन आता है!"

एका हाताने माझी कॉलर धरली. दुसऱ्याने माझ्या कानाखाली दिली, डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी आयुष्यभर लोकांना मारत आलो होतो, पण गर्दीच्या मधोमध कधी उभा राहिलो नव्हतो. तिथे माणसं दिसत नाहीत, नुसती कोपरं आणि दात दिसतात. कोणीतरी ओरडलं, ह्या दोघांना ह्याच खड्ड्यात घाला. एका बाईने माझ्या तोंडावर हंडा फिरवला, तो हुकून खांद्याला लागला. मला वाटलं, आज मी इथे मरणार. आणि त्या क्षणी मी वळलो आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्या माणसाच्या तोंडात भडकावली.

"तुला किती वेळा सांगितलं! गावाचा व्हॉल्व बंद कर म्हणून किती वेळा सांगितलं!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरी मारली. त्याचा ओठ फुटला. "ह्याला मी बघतो!" मी लोकांना ओरडून सांगितलं. "माझा माणूस आहे, ह्याला मी बघतो!" माझ्या कॉलरवरचा हात सुटला होता, हे मला तिसऱ्या वेळी हात उचलताना कळलं. आणि तरी मी तिसरी मारली. खरं सांगायचं तर तोवर हाताला गोडी लागली होती. त्याचा मला इतका राग आला होता की काय सांगू. तो विचारायला आला होता म्हणून राग, त्याचं मनगट चांगलं होतं म्हणून राग, त्याच्या पोरीवर कोणी थुंकलं म्हणूनही राग.

"दादा, बंद होता," तो म्हणत होता. "देवाशपथ, रोज बघितला, घट्ट बंद होता."

मग लोकांनी त्याला माझ्याकडून घेतला. तो खाली पडला तेव्हा आधी चपला उठल्या, मग लाथा. त्याच्याच इमारतीतला एक जण, नायगावला वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि आता घरी होता, त्याने माझ्या हातातली चावी हिसकावली. मी घट्ट धरली नाही. ती वर गेली आणि खाली आली. खाली पडलेल्याने डोकं वाचवायला हात मध्ये घातला. मनगटातून आवाज आला, आणि मग त्याच्या तोंडून असा आवाज आला की पुढच्या बायका मागे सरल्या. दुसरा घाव कानावर बसला. मागून कोणीतरी मला ढकललं आणि मी तोल जाऊन त्याच्यावर पालथा पडलो. दोन लाथा माझ्याही बरगड्यांत बसल्या. माझ्या गालाखाली त्याचं रक्त गरम लागत होतं. उठता उठता मी ओरडलो, थांबा, पाणी आणतो, वीस मिनिटांत पाणी आणतो.

पाणी हा शब्द ऐकून ते थांबले. मी चावी उचलली, मोटरसायकलला किक मारली आणि गावात आलो. भेंडीखाली झाकण उचललं आणि डावीकडे बावीस फेरे घातले. हात रक्ताने ओले असल्यामुळे चावी निसटत होती, म्हणून शर्ट काढून दांड्याला गुंडाळला. बाविसाव्या फेऱ्याला तो खरा बंद झाला. एवढंच काम होतं, पाच मिनिटांचं.

परत गेलो तेव्हा वस्तीच्या टाक्यांत पाणी पडत होतं. लोक नाचत होते. ज्याने मला कानाखाली मारली होती त्याने मला मिठी मारली. एका आजीने माझ्या उघड्या अंगावर पाण्याचा हात फिरवला आणि डोळे पुसले. माझ्या जोडीदाराला कोणीतरी पिंपळाला टेकवून बसवलं होतं. त्याची बायको त्याच्या कानातून येणारं रक्त पदराने दाबत होती, आणि त्याच्या पायाशी सांडलेलं रक्त शेजारची एक बाई नव्याने आलेल्या पाण्याने धूत होती. रिक्षात त्याला मीच उचलून ठेवला.

दवाखान्यात एक्स-रेचं मशीन बंद होतं, ते चालवणारा माणूसही काटकसरीत गेला होता. खाजगीत नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलेलं, कानाचा पडदा फाटलेला. डॉक्टर म्हणाले हात जुळेल, पण पिळायचं, वळवायचं काम आता नाही. व्हॉल्वमनच्या हाताला दुसरं काम काय असतं?

चौकशी झाली, म्हणजे साहेबांनी मला समोर बसवून कागद पुढे केला. त्यांनी व्हॉल्व बघायला येतो म्हटलं नाही, आणि मी या म्हटलं नाही. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, की सदर कामगाराने व्हॉल्व व्यवस्थित बंद न केल्यामुळे पाणीपुरवठा विस्कळीत झाला. सही केली. महिनाअखेरीस यादी लागली तेव्हा कोणी कागद फाडला नाही की कोणी कपाटावर डोकं आपटलं नाही. त्याचं नाव होतं आणि तो हजर नव्हता.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं मी टाळू लागलो. बायकोने हट्ट धरला म्हणून नाताळाआधी कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेलो. फादरांना रागाचं सांगितलं, हात उचलल्याचं सांगितलं. त्यांनी प्रार्थना करायला सांगितली, ती केली. व्हॉल्वचं सांगितलं नाही. जाळीच्या पलीकडचा माणूस आमच्याच गावातला, त्याच्याही घरी माझंच पाणी येतं, असा काहीतरी मूर्ख विचार मनात आला आणि मी उठलो.

दीड वर्षाने मी त्या हात मोडलेल्या जोडीदाराकडे गेलो. मनाशी पक्कं केलं होतं, सांगायचं आणि मग त्याने काय करायचं ते करावं. त्याने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने घर बदललं होतं. एका नव्या इमारतीच्या दाराशी तो रखवालदार म्हणून बसतो. मागच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत राहतो. मला पाहून उठला. उजवा हात मनगटापासून जरा वाकडा धरलेला. बोलताना डावा कान माझ्याकडे करायचा, कारण उजव्याने काही ऐकू येत नव्हतं.

"या ना दादा. बसा. चहा टाक गं."

त्याच्या बायकोने मला ओळखलं. पाणी पुढे केलं, पण ग्लास माझ्या हातात न देता फरशीवर ठेवला. मी घोटभर प्यायलो आणि म्हणालो, "एक सांगायला आलो होतो."

"मलाच तुम्हाला एक विचारायचंय," तो म्हणाला. "कधीपासून विचारायचं होतं. हिच्याशी माझं रोज भांडण होतं त्यावरून." त्याने बायकोकडे बोट केलं. ती स्टोव्हपाशी पाठमोरी उभी होती, ती वळली. "त्या दिवशी तुम्ही मला पहिली मारली, ती मुद्दाम ना? म्हणजे लोकांनी मला मारू नये म्हणून? तुम्ही ओरडलात, माझा माणूस आहे, ह्याला मी बघतो. आणि मग वरून अंगावर आडवे पडलात, लाथा खाल्ल्यात माझ्यासाठी. ही म्हणते, असं काही नव्हतं. मी म्हणतो, दादांनी तसं केलं नसतं तर मला जिवंत सोडला नसता. तुम्हीच सांगा हिला."

ती माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं असं नाही. पण ती त्या दिवशी तिथे होती आणि तिने माझा चेहरा पाहिला होता. स्टोव्हवर चहा उतू जात होता आणि तिने तो कमी केला नाही. मला फक्त नाही म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, आणि पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम मारली."

त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने वाकडा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बायकोकडे मान वळवली.

"बघ," तो म्हणाला, "मी सांगत होतो ना तुला."